गेल्या मंगळवारचं पाणी

पनवेलजवळच्या आमच्या करंजाडेच्या फ्लॅटमध्ये गेल्या उन्हाळ्यात पाण्याने भरलेली सत्तेचाळीस भांडी होती. मी मोजली होती. रविवारी दुपारी लोक झोप काढतात आणि मी भांडी मोजत होते, यावरून माझी काय गत झाली होती ते कळावं. सहा निळे ड्रम, चार स्टीलची पिंपं, बादल्या, कळशा, वीस-वीस लिटरचे जार, तेलाचे रिकामे डबे, माझ्या लग्नातला हंडा, आणि ज्याला म्हणून झाकण आहे असं स्वयंपाकघरातलं जवळजवळ प्रत्येक पातेलं. एकदा वरण लावायला कुकर सापडेना. तो काठोकाठ भरून, झाकण आणि शिट्टी लावून, कपाटात खालच्या फळीवर ठेवलेला होता.

हे सगळं भरणारा माणूस म्हणजे माझा नवरा. नऊ वर्षं ते सुदानमध्ये, खार्टूमला, एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. वर्षातून एक महिना घरी यायचे. मी इथे एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, मुलगी शिकत होती, आमचं बरं चाललं होतं. मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिथे लढाई पेटली. कंपनीच्या फ्लॅटमध्ये सात माणसं अकरा दिवस अडकून पडली. नंतर बस, मग बंदर, मग बोट, मग विमान. पनवेलला दारात उभे राहिले तेव्हा पाठीवर एक सॅक होती आणि पायांत दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला.

अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या जणांकडून ऐकलं आणि स्वतःही इतक्या जणांना सांगितलं, की पुढे पुढे ते ऐकलं की माझं डोकंच उठायचं. आले त्या दिवशी त्यांनी बाथरूममध्ये जाऊन बादली भरली. मला वाटलं, आंघोळीला. मग दुसरी भरली. मग टब. मी चहा घेऊन उभी, आणि हे पिंप घासतायत. म्हटलं, असू दे, एवढ्या लांबून आलेत, होईल चार दिवसांत ठीक.

चार दिवसांचे चार आठवडे झाले आणि सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, सगळं. आमच्या सेक्रेटरींनी माइक हातात दिला आणि म्हणाले, युद्धभूमीवरून परत आलेले आपले भाऊ दोन शब्द बोलतील. हे माइक धरून उभे. इतका वेळ उभे की मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या. शेवटी म्हणाले, "पाणी जपून वापरा." आणि खाली बसले. असल्या टाळ्या पडल्या म्हणता! दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर तेच वाक्य खडूने लिहिलेलं होतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळ सकाळी पाऊण तास येतो, कधी तेवढाही नाही. मग टँकर. त्यामुळे ज्याला मी वेड म्हणत होते त्याला सगळी बिल्डिंग शहाणपण म्हणत होती. "वहिनी, तुम्ही लकी आहात हां. आमचे हे तर मोटर लावायलासुद्धा उठत नाहीत." मी दात दाखवून हसायचे. त्यांना कुठे माहीत होतं, की आमच्याकडे नुसतं भरायचं नसतं, वापरायचंही नंबराने असतं. प्रत्येक भांड्यावर मार्करने वार लिहिलेला. ज्याचा वार सगळ्यात जुना, ते आधी संपवायचं. मी ज्या घरात वाढले तिथे सकाळी उठल्यावर पहिलं काम शिळं पाणी तुळशीला आणि झाडांना घालून ताजं भरायचं. इथे सकाळी नळाला धो धो ताजं पाणी येतंय आणि आम्ही पितोय गेल्या मंगळवारचं. मी एकदा गुपचूप एक कळशी मोरीत ओतली. ते आवाज ऐकून हॉलमधून आले, खाली बसले आणि मोरीच्या जाळीवर हात ठेवून बसून राहिले. त्यानंतर मी ओतली नाही. पण चडफडायची थांबले असंही नाही.

सगळ्यात वैताग यायचा तो लोकांच्या चौकशांचा. आता आमच्या डोक्यावरून विमानं जातात, नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर. येणारा प्रत्येक जण आवाज झाला की वर बघायचा, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारायचा, "घाबरतात का हो?" नाही घाबरत. विमान गेलं की ते गॅलरीत जाऊन कुठल्या कंपनीचं ते वाचतात. दिवाळीत फटाके वाजले तरी पेपर खाली ठेवत नाहीत. ह्यांना भीती कशाची, तर दाराची. बेल वाजली की हातातलं टाकून बाथरूममध्ये जायचे आणि कडी लावून घ्यायचे. बेलची वायर काढून टाकली. मग लोक दारावर थाप मारायला लागले, ते आणखी वाईट. दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना मी सांगून ठेवलं, बाबांनो, फोन करा, मी दार उघडते. मी समजत होते, तिथे बंदूकवाले दार ठोठावत असणार. विचारलं नाही. बंदूकवालेच असणार, आणखी कोण?

कळंबोलीला लोखंडाच्या एका गोदामात नोकरी मिळाली होती, क्रेनच्या वायरिंगची. टँकर यायची वेळ झाली की हे कामावरून उठून घरी यायचे. दोन महिन्यांत मालकाने हात जोडले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गॅसची गोळी आणि व्हिटॅमिन डी दिलं. वर्षभराने आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी जुन्या पनवेलातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता दिला. ते बिचारे चांगले होते. मला समोर बसवून म्हणाले, युद्ध फक्त सैनिकांनाच बाधतं असं नाही. त्यात नुसत्या अडकलेल्या साध्या माणसालाही आघातानंतरचा हा ताण वर्षानुवर्षं पुरतो. गोळ्यांनी झोप लागेल, पण त्यांनी बोलायला हवं. हे तीन वेळा तासतासभर जाऊन आले. तिन्ही वेळा डॉक्टरांना तिथल्या जनरेटरची माहिती देऊन आले.

माझ्या नणंदेला मी हे आघाताचं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण दादा लढला कुठे? तो तर खोलीतच होता ना?" मी फोन ठेवला. खरं सांगायचं तर माझंही मत तिच्याहून फार वेगळं नव्हतं. मला ते तोंडाने कबूल करायची लाज वाटत होती, एवढाच काय तो फरक.

हे असंच चाललं असतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणून मी ढकलत राहिले असते. पण जानेवारीत मुलीचा नाशिकहून फोन आला. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं, आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतं. सातव्या महिन्यात ती येणार, मागच्या खोलीत राहणार, तीन महिने तरी. मी रडले, हसले, कॅलेंडरवर खूण केली. ह्यांनी फोन घेतला, "सांभाळून राहा, बाळा," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाकडून दोन नवे निळे ड्रम घेऊन आले.

तोपर्यंत भांडी होती वीस-बावीस. त्या फोननंतर ती वाढत वाढत सत्तेचाळीस झाली, आणि वाढली कुठे, तर मागच्या खोलीत. जिथे मुलीचा पलंग, तिथे ड्रम. जिथे पाळणा बांधायचा, तिथे जारांची उतरंड. मला आधी वाटलं, नातवंडाची तयारी करतायत, बाळंतिणीला पाणी लागतं खूप. मग मार्च गेला, एप्रिल गेला, आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तिच्या सासूबाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे डासांचं कसं आहे हो? डेंग्यूबिंग्यू? नाही, तिला या दिवसांत काही झालं तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. त्याची गरजही नव्हती. त्यांच्या कानावर गेलेलं होतं.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, पोरगी येणार की ड्रम राहणार, ते एकदाचं ठरवा."

"बघू," म्हणाले.

"बघू काय? पलंग कुठे टाकू? ड्रमवर?"

"तिला पाणी लागेल."

"नळाला येतं की पाणी!"

"येतं," ते म्हणाले. "आता येतं."

या 'आता'वर माझं डोकं फिरलं. मी नको नको ते बोलले. इतकी वर्षं तुम्ही तिकडे आणि मी इकडे एकटीने मुलगी वाढवली, तिच्या बारावीला तुम्ही नव्हता, तिच्या तापांना नव्हता, आता तिला एक खोली द्यायची तर तीही तुम्ही भरून टाकली. ते ऐकून घेत राहिले आणि मग उठून एका जारचं झाकण घट्ट करून आले. सांगायला नको, पण त्या क्षणी मला तो जार त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. पावसाळ्याआधी आरोग्य खात्याच्या बायका घरोघरी फिरतात, साठवलेल्या पाण्यात डासांच्या आळ्या आहेत का बघतात. सापडल्या की ते पाणी तिथल्या तिथे ओतायला लावतात. आमच्या भागात एक ठरलेली बाई यायची, जवळच्याच गावातली, पन्नाशीची, खांद्याला पिशवी आणि हातात टॉर्च. मी तिला शेजारच्या बिल्डिंगच्या गेटपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्या आमच्याकडे या. आळ्या सापडल्या नाहीत तरी सापडल्या म्हणा. चांगलं खडसावा. सरकारी माणसाचं तरी ऐकतील."

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. "खोटं कशाला बोलायचं, ताई? सत्तेचाळीस भांडी हायत ना, एखादीत तरी सापडंलच."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अकरा वाजता तिचा फोन आला, मी दार उघडलं. हे हॉलमध्ये होते, बाथरूमपर्यंत पोचायच्या आत ती आत आलेली होती. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "हो हो, बघा ना, मागच्या खोलीत आहे सगळं." नाटकात काम केल्यासारखं. ती एकेक झाकण उघडत गेली, टॉर्च मारत गेली. हे तिच्या मागे मागे, प्रत्येक झाकण पुन्हा लावत. पहिला ड्रम, दुसरा, पिंपं, डबे. मी दाराच्या चौकटीला टेकून वाट बघत होते.

अर्ध्या तासात तिने सत्तेचाळीस भांडी बघितली. एक आळी सापडली नाही. प्रत्येक भांड्याला झाकणाखाली पांढरं फडकं, फडक्याला दोरा, आत निवळ पाणी. तिने टॉर्च बंद केला, कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि म्हणाली, "नाय हो ताई. इतकं चोख पानी आमी कुटं नाय बगितलं. दादांचा फोटो काडून आमच्या मॅडमना दाखवायला पायजे."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी नुसती आ वासून उभी. आणि ती बाई, सकाळपासून उन्हात जिने चढून दमलेली, तिथेच ड्रमच्या कडेला टेकली आणि सहज म्हणाली, "दादा, घोटभर पानी द्या ना प्यायला."

"पाणी नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ते ड्रमांच्या पुढे उभे होते, दोन्ही हात मागे नेऊन एका ड्रमच्या काठावर टेकवलेले. चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी सभ्य, हळू आवाजात, ऑफिसात येणाऱ्याला साहेब जेवायला गेलेत असं सांगावं तसं ते म्हणाले, "आमच्याकडे पाणी नाही. संपलं. दुसरीकडे बघा." मग तेच त्यांनी पुन्हा तिकडच्या भाषेत म्हटलं. मला ती भाषा येत नाही, पण तेच असणार.

मी शरमेने मेले. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणणं हे आमच्याकडे शिवी देण्यापेक्षा वाईट. ह्यांच्या रोह्याकडच्या घरात तर मी सून म्हणून गेले तेव्हा पहिलं शिकवलं गेलं ते हेच, की वैरी आला तरी आधी तांब्या पुढे करायचा. मी ओरडले, "अहो, काय बोलताय! चहूकडे पाणी आहे तुमच्या!" आणि पेला आणायला स्वयंपाकघराकडे धावले. परत आले तेव्हा ते ड्रमला पाठ लावून खाली फरशीवर बसले होते. त्या बाईने आपल्या पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढली होती.

"असू द्या, दादा," ती म्हणत होती. "माज्याकडं हाय पानी. तुमी घ्या. घ्या बगू."

त्यांनी बाटली घेतली आणि प्यायले. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, रागाने नाही, पण मला ती लागली. जाताना दारात म्हणाली, "तुमी इचारा त्यांना, ताई. मानूस उगाच असा करत नाय."

ती गेल्यावर मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तिथे काय झालं होतं?"

त्यांनी सांगितलं, कामाचा रिपोर्ट द्यावा तसं. पहिल्याच दिवशी नळ गेला. फ्लॅटमध्ये दोन ड्रम भरलेले होते. मोजूनमापून काम करणारा माणूस म्हणून बाकीच्यांनी पाणी ह्यांच्या ताब्यात दिलं. माणशी दिवसाला तीन पेले. खालच्या मजल्यावर तिथलीच एक बाई राहायची. तिचा नवरा सकाळी बाहेर पडला होता तो परतलाच नव्हता. पहिल्या दिवशी तिने वर येऊन दारावर दोन थापा मारल्या. ह्यांनी एक बाटली दिली. दुसऱ्या दिवशी आली, पुन्हा दिली. त्या संध्याकाळी सातही जणांनी बसून ठरवलं, की आता द्यायचं नाही, किती दिवस निघतील कुणाला माहीत. आणि दाराशी जाऊन नाही म्हणायचं काम ज्याच्या ताब्यात पाणी त्याचं.

"रोज यायची," ते म्हणाले. "ओरडायची नाही. दोन थापा मारायची आणि उभी राहायची. मी आतून सांगायचो, पाणी नाही. मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जायचा. आठव्या दिवशी थाप आली नाही. तेव्हा मला बरं वाटलं. कळतंय का तुला? मला बरं वाटलं."

मी हातातला पेला फरशीवर ठेवला.

"बस आली तेव्हा बसवाले म्हणाले, पाच मिनिटांत खाली या. अर्धा ड्रम उरला होता. अर्धा ड्रम. जिना उतरताना वाटेत तिचं दार आलं. बंद होतं. मी थाप मारली नाही."

"अहो, तुम्ही एकटे काय करणार होता? सात जणांनी मिळून ठरवलं होतं ना?" मी म्हटलं. असल्या वेळी जे फडतूस बोलतात तेच.

"हो," ते म्हणाले. आणि मग, "तिला दिवस होते. पोट एवढं पुढे आलेलं होतं."

तीन वर्षांत मी ह्यांना काय काय विचारलं होतं! पासपोर्ट कुठे आहे, कंपनीचं पत्र आलं का, तिकडच्या कपाटातलं सामान परत मिळणार का, कुकर कुठे ठेवलात. हे एवढं विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं. मला स्वतःचा इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली. जी रिकामी होती ती.

संध्याकाळी ते म्हणाले, "पोरीला इथे नको आणू. ती दारात उभी राहिली की मला काय दिसेल, माहीत आहे."

"पहिलं बाळंतपण आहे. ती इथेच येणार."

"मग तिला सांग. सगळं सांग. मग ठरवू दे तिला."

मी सांगितलं. गॅलरीत उभी राहून, फोन कानाला लावून, मधेच विमान गेलं तेव्हा थांबून, सगळं सांगितलं. मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई," ती म्हणाली, "शनिवारी गाडी ठरवली आहे, ती बदलणार नाही."

चमत्कार वगैरे काही झाला नाही, हे सांगून टाकते. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो, या वेळी मीही आत बसले आणि जनरेटरचा विषय निघाला की कोपराने ढोसलं. डॉक्टर म्हणाले, पाणी एकदम काढू नका. मग आम्ही दोघांनी मागच्या खोलीतलं एकेक भांडं हॉलमध्ये आणलं. चार दिवस लागले. माझी कंबर गेली. आता मुलीला पलंग मिळाला आणि आम्हाला बसायला सोफा उरला नाही. टीव्हीसमोर तीन ड्रम, त्यांच्यावर मी टेबलक्लॉथ घातला, निदान ड्रमासारखे दिसू नयेत म्हणून. ते दिसायचे ते दिसलेच.

शनिवारी मी सकाळपासून दार उघडं टाकून ठेवलं, कुणालाही थाप मारायला लागू नये म्हणून. दुपारी लिफ्टचा आवाज आला. पोरगी बाहेर आली, पाठीमागे जावई दोन्ही हातांत बॅगा घेऊन. पोट चांगलंच दिसत होतं. मी म्हटलं, "तिथेच थांब, उंबऱ्याबाहेर." पोटुशी लेक माहेरी आली की आमच्याकडे भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी तिच्यावरून ओवाळून बाहेर टाकतात. वाटेतली नजर, बाधा, जे काय असेल ते तिथेच जातं, असं म्हणतात. मी दोन्ही तयार ठेवलं होतं. तुकडा ओवाळायला हात मोकळा हवा म्हणून तांब्या क्षणभर ह्यांच्या हातात दिला. डोकं कुठे होतं माझं, कुणास ठाऊक.

तुकडा ओवाळला, जिन्याच्या कोपऱ्याकडे टाकला, आणि मागे वळून हात पुढे केला. तांब्या येईना. ते दोन्ही हातांनी तो छातीशी धरून उभे होते आणि लेकीच्या पोटाकडे बघत होते.

"अहो, द्या ना."

ते माझ्याकडे न बघता पुढे झाले, उंबऱ्यापाशी गेले आणि तांब्या तिच्यापुढे धरला. "पी," ते म्हणाले.

"अहो!" माझा आवाज सगळ्या मजल्यावर गेला असणार. "ते ओवाळून टाकायचं पाणी आहे! प्यायचं नसतं ते!"

जावई बॅगा घेऊन अवघडून उभा. पोरीने एकदा बापाकडे बघितलं, दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या, मधे श्वास न घेता, सगळं पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळून तिचा कुडता भिजला. तिने रिकामा तांब्या परत दिला. त्यांनी तो वाकडा करून आत बघितलं.

"अजून देऊ?" त्यांनी विचारलं.

"दे ना, बाबा."

ते वळले आणि हॉलमध्ये धावले. ड्रमचं झाकण फरशीवर पडल्याचा आवाज आला. लेकीने आत यायला पाऊल उचललं. मी हात आडवा धरला.

"थांब," मी म्हटलं, "इतक्यात आत येऊ नकोस. ते पाणी आणतायत."